बांबू उडी की बारावी?

प्रश्न : मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. बांबू उडीत विभागातून राज्य स्पर्धेपर्यंत गेलाय. सराव कमी कर म्हटलं, तर म्हणतो, "बॉब सीग्रेन पोल व्हॉल्टरच, म्हणजे बांबू उडीवालेच होते, पुढे कंपनीचे सीईओ झाले." काय उत्तर देऊ? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. चिरंजीवांनी नाव बरोबर शोधलंय, पण गोष्ट शेवटाकडून वाचलीय.

अमेरिकेच्या सीग्रेन यांनी 1968 ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. तिघेजण 5.40 मीटरवर थांबले होते. चुकलेल्या उड्या मोजून निकाल लागला. 1972 ला त्यांनी 5.63 मीटरचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये, ऐन स्पर्धेच्या तोंडावर, त्यांच्या नव्या पोलवर (उडीच्या काठीवर) बंदी आली. सवय नसलेल्या पोलवर पुन्हा 5.40, या वेळी रौप्य. शेवटच्या उडीनंतर तो पोल त्यांनी तडक आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पदाधिकाऱ्याच्या हातात नेऊन दिला! हा प्रसंग मुलाला जरूर सांगा. खेळात सगळंच आपल्या हातात नसतं.

पुढे ते व्यावसायिक स्पर्धांत उतरले, टीव्ही मालिकेत अभिनय केला. लाँग बीच मॅरेथॉन भरवणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ही ओळख बरीच नंतरची. उडी मारली आणि थेट खुर्चीत पडले, असं झालेलं नाही.

आता त्या खुर्चीतलं काम बघा. पोलीस परवानगी, नोंदणी शुल्क, प्रायोजक, विमा, हजारो धावपटूंचं पाणी. यातलं निम्मं तुमचा मुलगा शिकतोय त्या कॉमर्सचंच आहे. त्यामुळे "खेळ की अभ्यास" हे भांडण मला पटत नाही. बारावीनंतर बीकॉम किंवा बीबीए करू दे, क्रीडा व्यवस्थापन त्यापुढे. या सुट्टीत जवळपासच्या एखाद्या हाफ मॅरेथॉनमध्ये स्वयंसेवक म्हणून पाठवा, शक्यतो नोंदणीच्या टेबलावर. पदक वाटण्यापेक्षा तिथे जास्त कळतं.

प्रमाणपत्रं जपा. बारावीच्या क्रीडा गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी कोणती स्पर्धा धरतात, ते कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना आत्ताच विचारा.

आणि सराव बंद करण्याआधी एकदा मैदानावर जाऊन उडीनंतर पडायची गादी बघून या. ती दबलेली, फाटलेली असेल, तर मी तुमच्या बाजूने.