ऑटो हाय बीमसाठी जास्त पैसे मोजू का?

फक्त त्या एका फीचरसाठी गाडीचं वरचं मॉडेल घेऊ नकोस. त्यात आलंच, तर वापर. पण भिस्त ठेवू नकोस.

आतल्या आरशामागे काचेला कॅमेरा असतो. समोरून दिवे आले किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले, की तो अप्परचा (लांबवर पडणारा हाय बीम) डिपर (खाली झुकलेला लो बीम) करतो. सरळ, अंधाऱ्या हायवेवर हे झकास चालतं. गावातल्या उजेडात आणि कमी वेगात तो अप्पर लावतच नाही, म्हणजे शहरातल्या शहरात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

गोची होते ती घाटात. मी आंबा घाट रात्री बऱ्याचदा उतरतो. वळणापलीकडचा ट्रक मला कड्यावरच्या उजेडावरून आधीच कळतो, कॅमेऱ्याला मात्र दिवे थेट दिसावे लागतात. तोवर समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. धुक्यात तर अप्पर नकोच, सगळं पांढरंफटक होतं. कधीकधी चमकणारा दिशादर्शक फलक बघूनही गाडी उगाच डिपर करते.

आणि उसाचा हंगाम! मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशी ट्रॉली कॅमेऱ्याच्या लेखी नसतेच. समोरून गाडी आली, तुझा डिपर झाला, की ती ट्रॉली अंधारात गडप. अशा वेळी पाय ब्रेकवर हवा.

पहिले काही महिने हातानेच अप्पर-डिपर कर. बोटांना सवय लागू दे. आणि काच आतूनही पूस, कॅमेरा तिच्यातूनच बघतो.