वाचकांचे प्रश्न : कामाची खोली आणि सुगंधी तेलं

प्रश्न : मी घरूनच ऑफिसचं काम करते. सकाळी डिफ्यूझरमध्ये (पाण्यातून सुगंधी वाफ सोडणाऱ्या यंत्रात) लॅव्हेंडर आणि निलगिरीच्या तेलाचे दहा-बारा थेंब टाकते. तासाभरात वास येईनासा होतो, म्हणून आणखी टाकते. दुपारी डोकं जड होतं. तेल बदलू का?

उत्तर : आधी प्रमाण बदला. वास गेलेला नसतो. एकच वास सतत येत राहिला की नाकाला तो जाणवेनासा होतो; हवेतलं तेल मात्र वाढत जातं आणि बंद खोलीत डोकं धरतं. १०० मिलि पाण्याला ३ ते ४ थेंब पुरे. डिफ्यूझर अर्धा तास चालू, मग निदान तासभर बंद, आणि खिडकी थोडी उघडी. पुन्हा थेंब टाकावेसे वाटले तर पाच मिनिटं बाहेर जाऊन या. आत शिरताना वास आला, तर तेल पुरेसं आहे.

लॅव्हेंडर कामाच्या वेळेला नकोच. ते लॅपटॉप मिटल्यावर, संध्याकाळी लावा. सकाळी लिंबू किंवा पुदिना बरा. ताण कामाच्या ओझ्याचा असेल तर तो तेलाने जाणार नाही. मन जरा ताजं होतं, इतकंच. दमा असेल तर डिफ्यूझर टाळा. फिट्स येत असतील तर निलगिरी, रोझमेरी आणि कापूर नको.

वाफ कमी येत असेल तर तळाची चकती पाहा. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो, शिवाय तेलाचा चिकटा. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, मग कापसाच्या काडीने हलकेच पुसा. चकती खरवडू नका. उरलेलं पाणी रोज ओता.

प्रश्न : घरात दोन वर्षांचं मूल आणि मांजर आहे. काही चालेल का?

उत्तर : डिफ्यूझर नको, असंच आम्ही सांगू. कापूर, निलगिरी आणि पुदिन्याच्या उग्र वासाने लहान मुलाचा श्वास अडकू शकतो. कापराचं किंवा निलगिरीचं तेल थोडं जरी पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. बाटल्या कुलपात ठेवा. मांजराच्या यकृताला या तेलांतले बरेच घटक नीट निकामी करता येत नाहीत. टी ट्री तेल तर त्याच्या अंगाला लागूही देऊ नका.

प्रश्न : थेंबभर तेल थेट मनगटावर लावलं तर?

उत्तर : नको, आग होते, पुरळ उठतं. १० मिलि खोबरेल तेलात २ ते ४ थेंब मिसळा, कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा; पुरळ उठलं नाही तरच मनगटावर लावा. लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते.