संमती मागा, हक्कसोड मागू नका

प्रश्न : आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. 2019 च्या महापुरात मातीचं घर बसलं. माझ्या नावावर सरकारी मदतीचा पहिला हप्ता आला, पाया भरला, तेवढ्यात यजमान वारले आणि काम थांबलं. आता गावचं तरुण मंडळ श्रमदान करतो म्हणतंय, कोल्हापूरकडची एक संस्था सिमेंट, सळी देणार आहे. पण जागा सासऱ्यांनी विकत घेतलेली, उतारा अजून त्यांच्याच नावावर. सासू-सासरे यजमानांच्या आधीच गेले, मृत्युपत्र नाही. संस्था म्हणते, दीर आणि नणंदेनं शंभराच्या बाँडवर हक्क सोडल्याचं लिहून द्यावं. पुण्याचे दीर सही करत नाहीत. मुलगा 16 वर्षांचा आहे. काय करू?

उत्तर : वहिनी, आधी दिरांवरचा राग सोडा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती. घर बांधू द्यायला त्यांची ना नाही. बापाच्या जागेतला वाटा सोडायला ना आहे. या दोन गोष्टी संस्थेनं एका कागदात कोंबल्या, तिथंच गाडं अडलं.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे जागेचे तीन सारखे वाटे होतात : दिरांचा एक, नणंदेचा एक, यजमानांचा एक. यजमानांचा वाटा तुमचा आणि मुलाचा. नणंद लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. आणि तो बाँड? सह्या मिळाल्या तरी कामाचा नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं भागत नाही, हे आपल्याकडे शंभरदा सांगूनही पटत नाही.

तुम्हाला हवं आहे ते साधं संमतीपत्र. मजकूर एवढाच : ‘वडिलांच्या नावावरील जागेत जुन्या घराच्या ठिकाणी वहिनींनी सरकारी मदत व देणगीतून घर बांधण्यास आमची हरकत नाही. बांधकामाचा खर्च आमचा नाही. जागेतील आमचा हिस्सा आम्ही सोडलेला नाही.’ शेवटचं वाक्य वाचलं की दीर सही करतील, असा माझा अंदाज आहे. हक्कांतर होत नसल्यानं याला नोंदणी लागत नाही. नोटरी करून घ्या, दोन साक्षीदार घ्या. पुढं वाटणी झालीच, तर बांधलेला भाग शक्यतो बांधणाऱ्याच्या वाट्याला घालण्याकडे कोर्टाचा कल असतो. म्हणून सिमेंटच्या पावत्या जपा आणि घर आपल्या तिसऱ्या हिश्शाच्या मापात बसवा.

संस्थेच्या करारात ‘घर अमुक वर्षं संस्थेच्या मालकीचं’ असं कलम असेल तर ते खोडायला लावा. जागा तिची नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या वाट्यावर बोजा येईल असं काही कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हाला लिहून देता येत नाही. श्रमदानात कुणी पडलं-झडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे मात्र करारात जरूर हवं. पोरं उत्साहानं भिंतीवर चढतात आणि नंतर सगळे एकमेकांकडे बघतात.

आता हप्त्यांचं. पंचायतीकडून टप्प्याटप्प्यानं बांधकामाचा फोटो ऑनलाइन चढतो, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश येतात. पायाचा फोटो चढला का, हे पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना विचारा. तोवर मंडळाला वीट लावू देऊ नका. ‘नदीपासून जरा मागं सरकू’ असं संस्थेचा इंजिनिअर म्हणाला, तर आधी पंचायतीची लेखी मंजुरी. जागा बदललेली दिसली की पुढचा हप्ता अडकतो.

उताऱ्यावर वारसांची नावं लावायचा अर्ज आजच द्या : मृत्यूचे दाखले, नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून) वंशावळ, आणि वंशावळीत नणंदेचं नाव न चुकता. अर्ज कन्नडमध्येच हवा म्हणून कुणी परत पाठवलं, तर राज्यघटनेचं कलम 350 सांगा. गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. अर्ज मराठीत द्या आणि पोच घ्या. तिकडून आलेला कन्नड कागद मात्र कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय अंगठा-सही नको.

संमतीपत्र घेऊन आधी नणंदेकडे जा, स्वतः. तिची सही झालेला कागद पाहिला की दिरांना पुण्याहून नाही म्हणणं जड जाईल.