व्यायामाने स्नायूंच्या पेशी मरतात का? वडिलांचं पांडवलेणी चढणं बंद करू का?

नका करू. वडील 67 वर्षांचे, रविवारी नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढून-उतरून आले की दोन दिवस मांड्या धरून बसतात, आणि त्यात तुम्ही वाचलंत की व्यायामाने पेशी मरतात, म्हणून धास्ती. मी गंगापूर रोडला फिजिओथेरपी करते, त्यामुळे ही धास्ती माझ्या ओळखीची आहे.

मांड्या चढताना नाही, उतरताना धरतात. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजनही तोलत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. (लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून दुखतं, असं जिममध्ये अजूनही सांगतात. ते तोवर कधीच निघून गेलेलं असतं.) तंतूंना चिकटून सॅटेलाइट पेशी असतात, 1961 साली अलेक्झांडर मॉरो यांनी दाखवलेल्या. एरवी त्या निपचित पडून असतात. इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून डागडुजी करतात. म्हणूनच नेमाने जाणाऱ्याला तोच उतार हळूहळू कमी दुखवतो.

आता पेशी मरण्याचं. पेशी स्वतःहून, ठरलेल्या पद्धतीने संपते त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. स्नायूत मात्र गंमत आहे: एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी आणि तिच्यात शेकडो केंद्रकं. त्यातली किती खरोखर नष्ट होतात, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिचे बारीक भाग, बिघडून गळायला लागले की त्यातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि कॅस्पेस नावाची एन्झाइम्स कापाकापी सुरू करतात, एवढं पक्कं. उलट व्यायामाने नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात आणि खराब झालेले मोडीत काढणारी ऑटोफॅजी, म्हणजे पेशीची स्वतःची साफसफाई, हीही वेग घेते. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं ते हिच्यावरच्या कामासाठी, तेही साध्या यीस्टवर केलेल्या. धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत ऑटोफॅजी वाढलेली 2012 मध्ये दिसली.

खरा धोका बसून राहण्यात आहे. 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर पायांतलं मांस सरासरी किलोभर उतरलं. सरासरी वय 67, तुमच्या वडिलांचंच. उलट 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीतल्या मंडळींकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तेव्हा त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून जास्त झाली.

म्हणून माझी तक्रार उलटी आहे: एक रविवार पुरत नाही, आणि कृषीनगरच्या ट्रॅकवर गप्पा मारत चालणंही पुरत नाही. आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंवर जोर आला पाहिजे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसताना मुद्दाम सावकाश बसायचं, दहा-बारा वेळा. जेवणात डाळ-उसळ, दही, चालत असेल तर अंडं वाढवा. नुसत्या पोळी-भाताने भागत नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पांडवलेणी उतरताना घाई नको, मध्ये थांबत या.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. दुखणं चार दिवसांनीही तसंच, मांडी सुजलेली आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद, असं झालं तर स्नायू खरोखर मोठ्या प्रमाणात मोडलेत आणि त्याचा भार किडनीवर येतोय, असं समजा. लघवीचा रंग बदलला तर चार दिवसही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.