टेबलावरचे सहा तुकडे

प्रिय बाय,

चवथीला तू आलीस, नेवरी हातात तशीच धरून माझ्या कोड्यांच्या कपाटासमोर उभी राहिलीस आणि जाताना टेबलावर फणसाच्या लाकडाचे सहा तुकडे ठेवून गेलीस. आठ मिनिटांत कोडं सोडवलं म्हणून सगळ्यांना सांगत होतीस. मी घड्याळ बघत होतो, साडेनऊ मिनिटं झाली होती. काकी तुकडे उचलायला आली तेव्हा मी अडवलं. ते अजून तिथेच आहेत.

तुझ्या मेसेजमध्ये तीन प्रश्न आहेत. एकूण किती कोडी आहेत? चारशे बारा, त्यातली एकोणीस मला अजून सुटलेली नाहीत. सर्वांत कठीण कुठलं? ते दिवसावर अवलंबून आहे. आणि पहिलं कुठलं विकत घेऊ? सध्या काहीच घेऊ नकोस. टेबलावरचं आधी जोड.

रागावलो नाहीये. माझीही सुरुवात अशीच झाली. मंगेशीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानाशेजारी एक माणूस वाकवलेल्या खिळ्यांच्या जोड्या विकत बसला होता. एकमेकांत अडकलेले दोन खिळे, बस. बाबांनी घेऊन दिले. फर्मागुडीचा चढ लागायच्या आत ते सुटले आणि मी गाडीभर मिरवलं. फोंड्याला उतरलो तेव्हा बाबा म्हणाले, आता होते तसे करून दे. त्याला तीन दिवस लागले. सुटताना काय झालं ते मला ठाऊकच नव्हतं. हात हलत होते, खिळे निसटले, एवढंच. उघडणं नशिबानेही होतं. बंद करणं तसं होत नाही, त्याला कुठला तुकडा कशासाठी कापलाय ते कळावं लागतं.

पुढे मी बार्जदुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर झालो. तिथे उरलेल्या पितळी रॉडपासून पहिलं मोठं कोडं मी स्वतः केलं, नऊ कड्यांचं. एका लांब दांडीवर नऊ कडी, प्रत्येकाची दोरी पुढच्या कड्यातून गेलेली. माझ्या कोड्यात दोरीच्या जागी तार आहे. चीनमध्ये हे जुनं आहे, आणि इटलीतल्या कार्दानो या गणितज्ञाने १५५० मध्ये त्याचं वर्णन छापलेलं आहे. नियम दोन ओळींचा. पहिलं कडं केव्हाही काढता-घालता येतं. दुसरं कुठलंही हलवायचं तर त्याच्या लगतचं अलीकडचं कडं दांडीवर हवं आणि त्याच्याही अलीकडची सगळी उतरलेली हवीत. पाच कड्यांना २१ चाली लागतात, सात कड्यांना ८५, नऊ कड्यांना ३४१. कडी विषम असतील तर पहिल्यापासून सुरू कर, सम असतील तर दुसऱ्यापासून, नाहीतर भलत्याच टोकाला जाशील.

यातली खरी गंमत अशी की कोडं कुठेही थांबवलंस तरी तुझ्यापुढे दोनच चाली असतात. एक पुढे नेते, दुसरी आलीस त्या वाटेने मागे. मधे कुणी चहाला हाक मारली आणि परत आल्यावर शेवटी कुठलं कडं हलवलं ते विसरलीस, तर अर्धा तास निष्ठेने उलट्या दिशेने चालत राहशील. माझं हे कैक वेळा झालंय. काकी मुद्दामच हाक मारते असा माझा जुना संशय आहे. पण बंद करण्याची वाटही तीच ३४१ चालींची, फक्त उलटी. म्हणून शिकायला मी सगळ्यांना आधी पाच कड्यांचं देतो. जाणं आणि येणं त्यात एकाच बैठकीत हाताला कळतं.

टेबलावरच्या तुझ्या कोड्याचं तसं नाही. त्याला इंग्रजीत बर म्हणतात, गोखरूसारखं काटेरी दिसतं म्हणून. (आमच्या वर्कशॉपात बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला राहणारी धार, ती कानशीने काढायची.) आमचा मेस्त, म्हणजे सुतार, त्याला नुसतं गाठ म्हणायचा. घरांची कामं बंद असायची म्हणून तो पावसातच गाठी करायचा, त्यामुळे त्याच्या गाठी आषाढ-श्रावणात घट्ट बसतात आणि मे महिन्यात खुळखुळतात. त्याने मला तीन दिल्या होत्या. तिन्ही एकाच फणसाच्या, एकाच मापाच्या, फक्त खाचा निराळ्या. १९८७ मध्ये घर बदललं तेव्हा मी तिन्ही सोडवून अठरा तुकडे बिस्किटांच्या एका डब्यात टाकले. सामान कमी जागेत मावावं म्हणून. तोवर मेस्त गेला होता.

आता हिशेब बघ. आत पोकळी न राहता भरीव गाठ होईल आणि सरळ करवतीने खाचा पाडता येतील असे तुकडे २५ प्रकारचे असतात. अमेरिकेतल्या बिल कटलर यांनी कॉम्प्युटर लावून मोजलं आणि १९७८ मध्ये छापलं, या २५ प्रकारांतून ३१४ गाठी होतात. पटाशीने कोरून काढावे लागणारे तुकडेही धरले तर भरीव गाठींचा आकडा १,१९,९७९ वर जातो. म्हणजे तुकड्यांचा ढीग समोर असला की त्यातून गाठ तयार होते, पण ती करणाऱ्याने केलेलीच गाठ असेल असं नाही. माझ्या अठरा तुकड्यांची तीन गाठींत वाटणी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी होते. चारही मी करून पाहिल्या. मेस्ताची कुठली ते मला आता कधीच कळणार नाही. कपाटात तीन गाठी आहेत, व्यवस्थित बंद, आणि त्या त्याच्या आहेत की माझ्या हे मला सांगता येत नाही. तू सोडवलीस ती त्यातलीच एक.

तेव्हा पद्धत ऐक. सोडवताना खाली फडकं घाल. तुकडे ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेव, निघताना जी बाजू वर होती तीच वर. लाकडावर पेन्सिल लावायची नाही. मोबाइलवर फोटो काढ, त्यात कमीपणा नाही, मीही काढतो. यूट्यूबवर उत्तर बघणंही पाप नाही. वर्षभर झगडून झाल्यावर बघ. फक्त बंद करताना बघू नकोस. आणि एकेका कोड्याचे तुकडे एकाच पिशवीत, एक कोडं उघडं असेपर्यंत दुसऱ्याला हात नाही.

जुनं घ्यायला म्हापशाच्या बाजारात जाशीलच, तर दोन गोष्टी लक्षात ठेव. १ ते १५ आकड्यांची सरकणारी पाटी दिसली आणि शेवटचे १४ नि १५ उलटे राहिले, तर तुझं डोकं कमी पडत नाहीये. कुणीतरी चौकोन उपटून परत चुकीचे बसवलेत. सरकवून निम्म्याच मांडण्या गाठता येतात, उरलेल्या निम्म्या कधीच नाही. १८८० च्या सुमारास अमेरिकेत लोक त्यापायी वेडे झाले होते, तेव्हाच हे सिद्धही झालं. रुबिक क्यूबचंही तेच. खुद्द रुबिकने १९७४ मध्ये तो केला, तेव्हा सोडवायला त्याला महिनाभर लागला. पण कुणी तो खोलून तुकडे मनाला येतील तसे बसवले असतील, तर तो सुटण्याची शक्यता बारात एक. दुसऱ्याने धड बंद न केलेल्या गोष्टीवर तू महिने घालवशील. विकणाऱ्याला आधी तो सोडवून दाखवायला सांग. त्याला येत नसेल तर भाव पाड.

पावसाबद्दल सांगायलाच हवं, आपण गोव्यात राहतो. जपानच्या हाकोने भागात गुप्त पेट्या करतात. रंगीबेरंगी लाकडांच्या नक्षीच्या, कुठेच झाकण न दिसणाऱ्या. बाजूच्या पट्ट्या ठरलेल्या क्रमाने जराजरा सरकवत गेलं की उघडतात. माझी दहा चालींची होती. जुलैत पाहुणे आले, दाखवायला काढली, चौथ्या चालीला अडली. मी फिटर, अडलेलं सोडवणं हा माझा धंदा. लाकडी मोगरीने हळूच ठोकली. पट्टी उभी चिरली. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं, आणि त्या पेटीत केसाएवढीही मोकळीक ठेवलेली नसते. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर ती बोटाने सरकली असती. तेव्हापासून बारीक मापाची लाकडी कोडी माझ्याकडे दिवाळी ते शिमगा एवढीच उघडतात. मिरग लागायच्या आत सगळी बंद करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात. सुटे पातळ तुकडे पावसात पीळ धरतात, मग गाठ परत होत नाही. पितळ हिरवं पडलं तर सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, पाण्यात घाल आणि लगेच कोरडं पूस. तेल लाकडाला कधीच नाही.

वही ठेव. मोठे संग्राहकही शेवटी तेच करतात. जेरी स्लोकम यांनी तीस हजारांहून जास्त कोडी जमवून इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीला दिली, आणि लाकूड की धातू हे न बघता हाताला काय करावं लागतं त्यावरून त्यांची वर्गवारी लावली: जोडायची, उघडायची, गुंता सोडवायची, क्रमाने सरकवायची. तुझ्या वहीत तसेच भाग पाड. प्रत्येक कोड्यापुढे दोन तारखा लिही, सुटलं ती आणि बंद झालं ती. माझ्या वहीत दुसऱ्या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. तू त्या बघायला मागशील म्हणून आधीच सांगतो.

ये रविवारी. फडकं मी घालून ठेवलंय, तुकडे तू सोडलेस तसेच आहेत, पण क्रम तुलाच आठवावा लागेल. अखंड, एकही खाच नसलेला तुकडा शेवटी जातो, तो बाजूला काढून ठेव. एवढं मी सांगितलं हे काकीला कळू देऊ नकोस. तिला तुळशीच्या लग्नाआधी टेबल मोकळं हवंय.

तुझा,
काका