पणजीत शंभर रुपयांत घरच्या सगळ्यांची रविवारची संध्याकाळ कशी घालवावी?

मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर पतंग उडवा. जानेवारी ते मार्च, दुपारी 3 नंतर समुद्राकडून वारा सुटतो. दोन कागदी पतंग आणि साध्या सुती दोऱ्याचं रीळ पुरे. नायलॉनचा मांजा अजिबात नको. बोटं कापतो, पक्षी मरतात.

गडबड होते ती कन्नी, म्हणजे रिळाचा दोरा जोडायला पतंगाला वर-खाली बांधायचे दोन दोरे, बांधताना. वारा जोराचा असेल तर खालचा दोरा वरच्यापेक्षा अर्धा-एक इंच लांब ठेवा. तरीही पतंग गरगरला तर वर्तमानपत्राची हातभर शेपटी चिकटवा. पाण्याच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून उभे राहा. पाण्यापासून पुढे सरकलात की पतंग थेट सुरूच्या झाडांत! ओल्या वाळूवर मात्र तो ठेवू नका, कागद लगेच फाटतो.

चणे-शेंगदाणे घरूनच न्या.