आमच्या दारव्ह्याच्या बाजारभावाच्या वेबपानासाठी फॉन्ट सबसेट केल्यावर (म्हणजे हवी तेवढीच अक्षरं ठेवून छाटल्यावर) 'शेतकऱ्यांना'मधला 'ऱ्या' तुटतो, काय करावं?

पानावर दिसणारी अक्षरं वेचून फॉन्ट छाटू नका. देवनागरीचा अख्खा गट (युनिकोड क्रमांक ०९०० ते ०९७एफ) ठेवा, सोबत २००सी आणि २००डी ही अक्षरं तोडणारी-जोडणारी न दिसणारी चिन्हंही घ्या, तुमच्या दारव्ह्याच्या बाजारभावाच्या पानावर 'ऱ्या' नीट उमटेल. मी फॉन्ट छाटणाऱ्या एका मुक्तस्रोत लायब्ररीची देखभाल करतो, आणि मराठीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच निघतं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ (०९३१) ला हलन्त लावतं, कुणी र, हलन्त आणि २००डी. हिंदी मजकुरावरून यादी केली की ०९३१ हमखास सुटतो. शिवाय आज पानावर 'कापूस' आहे, उद्या 'हळद' आली की ळ कुठून आणणार? जोडाक्षरांना वेगळा कोड नसतो, ती फॉन्टच्या जीसब तक्त्यातून, म्हणजे अक्षरांच्या जागी जोडरूप बसवणाऱ्या नियमांतून घडतात. फॉन्टटूल्स हे फॉन्ट छाटायचं साधन हे नियम आपणहून राखतं, म्हणून त्यातल्या लेआउट फीचर्सच्या (या नियमांच्या) सेटिंगला हात लावू नका. गावातल्या नेटसाठी फाइल हलकी हवी असेल तर वॉफ२ (वेबसाठीचा दाबलेला फॉन्ट-प्रकार) करा, फॉन्टच्या नको असलेल्या जाड-बारीक आवृत्त्या वगळा. फक्त परवाना आधी वाचा: ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्यामध्ये नाव राखीव असेल, तर छाटलेला फॉन्ट त्याच नावाने परवानगीशिवाय वाटता येत नाही.